इंग्रजी ‘रन’चा अर्थ मराठीत लावायचा कसा?

‘बाळाचं नाक धावत असल्यास डॉक्टरांना दाखवा.’ हे वाक्य छापायला निघालेल्या एका पत्रकात होतं. प्रूफ माझ्या हाती आलं म्हणून वाचलं. त्याआधी एका निरोपात ‘आम्ही तेलाच्या बाहेर धावलो आहोत’ असं वाचलं होतं, आणि एका भाडेकरारात ‘हा करार अकरा महिने पळेल’. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. इंग्रजीवरून मराठी-गुजराती करून देतो, दुसऱ्यांनी केलेलं तपासतो आणि संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. या तिन्ही कामांत माझी लाल शाई सगळ्यात जास्त एकाच शब्दावर खर्च होते, आणि तो म्हणजे ‘रन’. स्पेलिंग तीन अक्षरांचं, पहिलीतल्या पोराला येणारं. त्यामुळे त्याच्यासाठी कोश उघडावा असं कुणालाच वाटत नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ नोंदलेले आहेत. ते पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. खालचा क्रम पाळलात तर रोजच्या कामातली बहुतेक वाक्यं दोन-चार मिनिटांत सुटतात. मात्र क्रम खरंच पाळायचा. लोक शेवटचा टप्पा आधी करतात आणि मग सगळंच बिघडतं.

## आधीची तयारी

पूर्ण वाक्य हवं, आणि त्याच्या मागचं व पुढचं एकेक वाक्यही हवं. सुट्या शब्दाचा अर्थ कुणी विचारला तर सांगूच नका. शेजारचा मुलगा जिन्यातून ओरडला, ‘काका, रन म्हणजे काय?’ मी चहाचा कप हातात धरून ‘धावणे’ म्हटलं. त्याच्या पुस्तकात वर्तमानपत्राच्या प्रतींबद्दलचा धडा होता. मार्क त्याचे गेले, चूक माझी होती.

विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश जवळ ठेवा, ज्यात प्रत्येक अर्थाला उदाहरणाचं वाक्य असतं. खिशातला इंग्रजी-मराठी कोश या शब्दापुरता बाजूला ठेवलेला बरा, कारण तो ‘धावणे, पळणे, चालवणे, वाहणे’ अशी रांग लावतो आणि यातला कुठला घ्यायचा ते सांगत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. तो शेवटच्या तपासणीला लागेल. फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप वापरायचंच असेल तर तेही शेवटी.

आणि घरातलं एक माणूस हवं, ज्याचा इंग्रजीशी संबंध नाही. आजी, काकू, आत्या, कुणीही चालेल.

## १. आधी रूप ओळखा

‘रन, रॅन, रन.’ तिसरं रूप पहिल्यासारखंच आहे, आणि पहिली ठेच इथेच लागते. ‘द होस्टेल इज रन बाय अ ट्रस्ट’ याचं भाषांतर ‘वसतिगृह ट्रस्टजवळ धावते’ असं मी वहीत पाहिलेलं आहे. ‘इज’, ‘वॉज’, ‘वेअर’ यांच्या पाठोपाठ ‘रन’ आला की वाक्य कर्मणी आहे, म्हणजे करणारा दुसराच कुणी आहे. वसतिगृह एक ट्रस्ट चालवते, इतकंच. ‘हॅज’ किंवा ‘हॅव’नंतर आला तर काम होऊन गेलेलं आहे.

आधी ‘अ’, ‘द’ किंवा एखादं विशेषण असेल तर ते नाम. नामांवर फार वेळ घालवू नका, त्यांची संख्या मोजकी आहे. छापखान्यात ‘प्रिंट रन’ म्हणजे किती प्रती काढल्या ते. ‘ट्रायल रन’ म्हणजे चाचणी. बँकेवरचा ‘रन’ म्हणजे पैसे काढायला ठेवीदारांची उडालेली झुंबड. टँकरचा किंवा टेंपोचा ‘रन’ म्हणजे खेप. ‘इन द लाँग रन’ म्हणजे पुढे जाऊन, सरतेशेवटी. क्रिकेटमध्ये ‘रन’ म्हणजे धाव. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात, याच बडोद्यात, विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. तिथे दुसरा शब्द चालणार नाही. पण दवाखान्यात पेशंटला ‘द रन्स’ झाले असं कुणी म्हटलं, तर पेशंटला जुलाब लागलेत. मैदान आणि दवाखाना यांत गल्लत करू नका.

‘रनिंग’ मात्र सावकाश बघा. ते क्रियापद असेलच असं नाही. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी, आणि घराच्या जाहिरातीत असेल तर नळाला येणारं पाणी. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. इथे कुणीच धावत नाही. सुताराच्या कोटेशनमधला ‘रनिंग फूट’ नुसत्या लांबीचा असतो, त्यात रुंदी धरत नाहीत. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याचे रनिंग फूट दहाच भरतात, चौरस फूट वीस. हा शब्द मराठीत ‘चालू फूट’ करून लोक मोकळे होतात आणि नंतर बिलावरून सुताराशी भांडतात. ‘लांबीचे फूट’ लिहा, भांडण वाचेल.

तपासणी: पुढे जाण्याआधी शब्दाखाली पेन्सिलीने लिहा, नाम, क्रियापद की विशेषण. लिहिता येत नसेल तर पुढचा टप्पा करू नका.

## २. कर्ता शोधा, आणि तो मराठीत काय करतो ते आठवा

सगळ्या लेखातला हा टप्पा महत्त्वाचा. बाकीचे गडबडीत गेले तरी हा सोडू नका.

‘रन’चा अर्थ काय, हा प्रश्न इथे डोक्यातून काढून टाका. कर्ता कोण ते बघा, आणि तो आपल्या घरात, आपल्या गल्लीत काय करतो ते आठवा. नदी वाहते. रस्ता जातो. नाक गळतं किंवा वाहतं. मशीन चालतं. घड्याळ चालतं, पण त्याच घड्याळाबद्दल ‘रनिंग स्लो’ म्हटलं असेल तर ते मागे पडतं. मुदत मोजली जाते. वातावरण तापतं. करार असतो, बस.

मजा अशी की इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुधा नुसती चालते. दुकान चालतं, नाटक चालतं, खटला चालतो, शाळा चालते, गिरणी चालते. निवडणुकीला अमेरिकन माणूस धावतो, विलायतेतला उभा राहतो, आणि आपला उमेदवारही उभाच राहतो. म्हणून शंका आली की ‘चालणे’ आधी लावून बघा. दहातल्या चार-पाच वाक्यांत ते बसेल. उरलेल्यांत कान सांगेल की बसत नाही.

काही ठिकाणी क्रियापदच नको असतं. ‘अहमदाबाद-वडोदरा एक्स्प्रेसवे रन्स फॉर नाइन्टी-थ्री किलोमीटर्स’ याला ‘एक्स्प्रेसवे सुमारे ९३ किलोमीटर लांबीचा आहे’ पुरतं. तोच शब्द बडोद्याच्या विश्वामित्री नदीला लावला, ‘रन्स थ्रू द सिटी’, की ‘शहरातून वाहते’. आणि ‘डायबिटीज रन्स इन हर फॅमिली’ म्हणजे ‘तिच्या घराण्यात मधुमेह आहे’. एकीने ‘मधुमेह तिच्या कुटुंबात वाहतो’ लिहिलं होतं. वाहतो म्हटल्यावर मला आपली विश्वामित्रीच दिसली, पावसाळ्यातली, मगरींसकट.

कपड्यांच्या चिठ्ठीवर ‘कलर्स मे रन’ असतं. नवरात्राआधी मंगळ बाजारात घेतलेल्या बांधणीच्या ओढणीला हे हमखास लागू पडतं. मराठीत ‘रंग निघू शकतो, वेगळं धुवा’. ‘रंग उडू शकतो’ असं लिहू नका. रंग उडणं म्हणजे फिका पडणं, आणि इथे भीती आहे ती दुसऱ्या कपड्याला लागण्याची. ‘रंग उडेल’ वाचून गिऱ्हाईक ओढणी उन्हात घालायची टाळेल आणि पांढऱ्या सदऱ्याबरोबर बादलीत खुशाल भिजवेल.

सावधान: कर्ता माणूस असेल तर जास्त जपा. मराठीत अशा वाक्यांत माणूस बरेचदा मागे सरतो आणि वस्तू पुढे येते. ‘शी इज रनिंग अ फीवर’ म्हणजे तिला ताप आहे. ‘वुई आर रनिंग लेट’ म्हणजे आम्हाला उशीर होतोय. ‘वुई हॅव रन आउट ऑफ ऑइल’ म्हणजे तेल संपलं. ‘आम्ही’ला वाक्याच्या तोंडाशी बसवायचा हट्ट धरलात की ‘आम्ही तेलाच्या बाहेर’ पडणारच.

## ३. कर्म आहे का बघा

‘रन’च्या लगेच पुढे एखादी वस्तू आली असेल, तर कुणीतरी ती चालवतोय किंवा तिचं काहीतरी करतोय. आता विचारायचं ते त्या वस्तूबद्दल: आपल्याकडे तिचं काय करतात?

खानावळ चालवतात. पंखा चालू ठेवतात. जाहिरात देतात किंवा छापतात. रक्ताची तपासणी करतात. वायर टाकतात. कापडावरून बोट फिरवतात. धोका पत्करतात. किराणावाल्याकडे उधारी करतात. सिग्नल तोडतात, कारण ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे तेच. बडोद्याजवळच्या डभोईच्या छोट्या रेल्वेगाडीविषयीच्या एका मजकुरात १८६२ मधल्या गाड्या ‘वेअर रन विथ बुलॉक्स’ असं होतं. मुलाने ‘बैलांसोबत धावत’ केलं. डोळ्यांसमोर शर्यत उभी राहिली. वस्तुस्थिती अशी की त्या लाइनवर सुरुवातीला डबे बैल ओढत. तेव्हा ‘गाड्यांना बैल जुंपत’.

या टप्प्यावरची माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका पंपाच्या माहितीपुस्तिकेत ‘डू नॉट रन द पंप ड्राय’ होतं. मी घाईत लिहिलं, ‘पंप कोरडा होईपर्यंत चालवू नका.’ वाचायला बरं वाटतं, पण अर्थ भलताच. मूळ सूचना होती की आत पाणी नसताना पंप सुरू करू नका. पंपातलं सील पाण्यानेच थंड आणि ओलं राहतं, पाण्याविना ते जळतं. माझं वाक्य वाचणाऱ्याने टाकी रिकामी असतानाही बटण दाबलं असतं. छपाईआधी कारखान्यातल्या फिटरने पकडलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पंप कळत होता.

तपासणी: वाक्यात ‘ड्राय’, ‘हॉट’, ‘कोल्ड’, ‘फ्री’, ‘वाइल्ड’ असं एखादं विशेषण शेवटी लोंबत असेल, तर ते आधीची स्थिती सांगतं की नंतरची, हे ठरवा. ‘रन द पंप ड्राय’मध्ये ते आधीची स्थिती सांगतं. ‘द वेल रॅन ड्राय’मध्ये नंतरची, म्हणजे विहीर आटली.

## ४. शेपूट तपासा

‘रन’च्या पाठोपाठ ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘डाउन’, ‘इनटू’, ‘अप’, ‘थ्रू’, ‘बाय’, ‘शॉर्ट’ असं काही जोडलेलं असेल तर त्याला मी शेपूट म्हणतो. शेपूट असलेला ‘रन’ हा वेगळाच प्राणी आहे. दोन शब्दांचे अर्थ वेगवेगळे काढून जोडायला जाऊ नका.

‘आउट’पासून सुरू करू. ‘ही रॅन आउट ऑफ द हाउस’ आणि ‘ही रॅन आउट ऑफ मनी’. शेवटचा शब्द सोडला तर दोन्हींत फरक नाही. तोच शब्द निकाल लावतो. पुढे जागा आली तर माणूस खरोखर धावत बाहेर आला. पुढे खर्च होणारी गोष्ट आली, पैसा, तेल, वेळ, धीर, तर ती संपली. मुदत आली तर मुदत संपली. आणि क्रिकेट असेल तर फलंदाज धावचीत. धावचीत हा किती नेटका शब्द आहे, त्याला ‘रनआउट’ म्हणून का टाकून देतात कळत नाही.

‘इनटू’ची हीच तऱ्हा. गाडी खांबावर आदळते. जोशीकाका न्यायमंदिरापाशी अचानक भेटतात. खर्च लाखांच्या घरात जातो. काम अडचणीत येतं. चारही ठिकाणी इंग्रजीत ‘रन इनटू’च. ‘मी जोशीकाकांना धडकलो’ हे मात्र फक्त स्कूटरवर असाल तरच लिहा.

‘ओव्हर’: कुत्र्याच्या अंगावरून गाडी गेली, सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबली, टिपणांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली, पातेलं भरून वाहिलं. ‘डाउन’: बॅटरी उतरली, वाडा मोडकळीला आला, माणूस थकला-भागला, किंवा कुणी कुणाला नावं ठेवली. ‘अप’ म्हणजे उधारी चढवणं, झेंडा वर चढवणं, घाईघाईत फ्रॉक शिवून टाकणं. ‘शॉर्ट’ला ‘कमी पडणे’ पुरतं.

सगळ्यात फसवं ‘बाय’. ‘रन बाय अ ट्रस्ट’ आपण वर पाहिलं. पण वरिष्ठांच्या ईमेलमध्ये ‘प्लीज रन इट बाय मी’ असेल तर त्यांचं म्हणणं इतकंच, की पाठवण्याआधी एकदा माझ्या कानावर घाला. एका नवख्याने याचं उत्तर ‘आपणच चालवा साहेब’ असं दिलं होतं.

तपासणी: शेपटावर बोट ठेवून झाका आणि वाक्य वाचा. अर्थ तोच राहिला तर शेपूट नव्हतंच, ते पुढच्या नामाचं होतं. अर्थ कोसळला तर शेपूट खरं. मग कोशात ‘रन’च्या मुख्य नोंदीखाली न बघता, शेवटी जोडशब्दांची यादी असते तिथे बघा.

## ५. काम कुठल्या खात्यातलं आहे?

इथे थोडक्यात आटपतं. कोर्टाच्या निकालात दोन शिक्षा ‘रन कॉन्करन्टली’ असतील तर त्या एकाच वेळी भोगायच्या, ‘कन्सेक्युटिव्हली’ असतील तर एकामागून एक. इथे चूक झाली तर कुणाच्या तरी आयुष्यातली वर्षं इकडची तिकडे होतात, म्हणून दोनदा वाचा. भाडेकरारात ‘रन्स फॉर इलेव्हन मन्थ्स’ म्हणजे ‘कराराची मुदत ११ महिने’. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून ११ चा आकडा सगळीकडे दिसतो. तो बदलून ‘सुमारे वर्षभर’ करू नका. संगणकात ‘रन’ म्हणजे चालवणे. शिवणात ‘रनिंग स्टिच’ म्हणजे धावदोरा. स्पर्धेत ‘रनर-अप’ म्हणजे उपविजेता. जिन्यावरचा किंवा टेबलावरचा ‘रनर’ म्हणजे लांब अरुंद पट्टी.

## ६. आता कुठे ‘धावणे’ला संधी द्या

इतकं सगळं ऐकून काही जण ‘धाव’ला इतके घाबरतात की असायला हवी तिथेही येऊ देत नाहीत. धावपट्टी, धावतं समालोचन, धावता आढावा, धावदोरा, धावचीत हे सगळे पक्के मराठी शब्द आहेत. जादा गाड्या मराठीत बिनदिक्कत धावतात, बसही धावतात. मुलगी मॅरेथॉनमध्ये धावते.

‘पळणे’ वेगळं ठेवा. त्यात निसटून जाण्याची छटा असते. चोर पळाला, मुलगा शाळेतून पळाला. खेळाडूबद्दलही पळाला म्हणतात, बोलताना चालतं, पण पंतप्रधान ‘निवडणुकीसाठी पळाले’ असं लिहिलंत तर बातमी भलतीच होईल.

## ७. गुजरातीच्या चाळणीतून काढा

हा टप्पा पुण्यातल्या वाचकाने सोडला तरी चालेल. आपण बडोदेकरांनी सोडून चालणार नाही. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, ऑफिसात इंग्रजी. लिहिताना कुठलं कुठे गेलं ते कळत नाही.

‘तेल खुटलं’ हे आपल्याकडच्या मराठी घरांत सर्रास ऐकू येतं, माझ्या घरातसुद्धा. गुजरातीत ‘खूटवुं’ म्हणजे संपणं, कमी पडणं. पण नाशिकचा माणूस ‘खुटलं’ वाचून म्हणेल, वाढ खुटते, रोप खुटतं, तेल कसं खुटेल? छापील मजकुरात ‘संपलं’ लिहा. घरात आईशी बोलताना खुशाल ‘खुटलं’ म्हणा, तेही आपलंच आहे.

दुसरं, ‘त्यांनी निवडणूक लढली’. गुजराती ‘लडवी’ आणि हिंदी ‘लड़ना’ यांच्या ओघात हे येतं. मराठीत निवडणूक लढवतात. लढाई लढतात, निवडणूक लढवतात.

तपासणी: मजकूर बडोद्याबाहेर जाणार आहे का? असेल तर मुंबई-पुण्याच्या एखाद्या नातेवाइकाला एकदा वाचायला पाठवा. तो हसेल, पण कुठे हसला ते विचारून घ्या.

## ८. उलटी तपासणी

दोन गोष्टी करा. निवडलेलं मराठी क्रियापद मोल्सवर्थमध्ये काढा आणि त्याचे इंग्रजी अर्थ वाचा. त्यात तुमच्या वाक्यातला भाव दिसायला हवा. ‘रन’ हा शब्द दिसलाच पाहिजे असं नाही. ‘आटणे’खाली तो न दिसला म्हणून विहीर आटायची थांबत नाही.

मग इंग्रजी कागद उलटा ठेवा आणि फक्त मराठी वाक्य घरातल्या त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, आपली माणसं प्रेमापोटी हो म्हणतात. ‘मग आता काय करायचं?’ असं विचारा. उत्तर बरोबर आलं तर वाक्य बरोबर.

## एक पूर्ण नमुना

आमच्या सोसायटीत इंग्रजीतून नोटीस आली. मराठी करायचं काम अर्थातच माझ्याकडे. मूळ मजकूर असा: ‘द टँक हॅज रन ड्राय. द पंप वॉज रन विदाउट वॉटर लास्ट नाइट. रिपेअर्स मे रन टू एटीन थाउजंड रुपीज. वुई आर रनिंग शॉर्ट ऑफ फंड्स. अ टँकर विल मेक टू रन्स अ डे, थ्री डेज रनिंग. प्लीज डू नॉट लीव्ह टॅप्स रनिंग. द सेक्रेटरी, हू हॅज रन द सोसायटी फॉर सिक्स इयर्स, विल नॉट रन अगेन.’

सात वाक्यं, नऊ ‘रन’.

पहिल्यात कर्ता टाकी, शेवटी ‘ड्राय’ लोंबतंय. विहीर आटते, टाकी मात्र रिकामी होते. ‘टाकी पूर्ण रिकामी झाली आहे.’ दुसऱ्यात ‘रन’च्या आधी ‘वॉज’ आहे, म्हणजे कर्मणी: ‘काल रात्री पाणी नसताना पंप चालवला गेला.’ कुणी चालवला ते मुळात नाही, आपणही लिहायचं नाही, सगळ्या सोसायटीला माहीत असलं तरी. तिसऱ्यात ‘रन टू’ आणि पुढे रक्कम: ‘दुरुस्तीचा खर्च १८,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो.’ चौथ्यात माणसं मागे सरली: ‘निधी कमी पडतोय.’

पाचव्यात दोन ‘रन’, एक नाम आणि एक तो सलग दिवसांचा: ‘सलग तीन दिवस टँकरच्या रोज दोन खेपा होतील.’ इथे मी आधी ‘फेऱ्या’ लिहिलं होतं. फेऱ्या चूक नाहीत, पण फेरी बसची असते, वारीचीही असते. भरून आणून ओतायचं असतं तेव्हा खेप. सहावं सोपं: ‘कृपया नळ उघडे ठेवू नका.’ ‘नळ चालू ठेवू नका’ही चालेल, आमच्या मजल्यावर सगळे तेच म्हणतात. सातव्यातला पहिला ‘रन’ सकर्मक, पुढे सोसायटी आहे. दुसऱ्याला कर्म नाही, आणि सहा वर्षांच्या कारभारानंतर ‘अगेन’ आलंय, म्हणजे निवडणूक: ‘गेली सहा वर्षं सोसायटीचा कारभार पाहणारे सेक्रेटरी पुन्हा उभे राहणार नाहीत.’ कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने आधी याचं ‘पुन्हा धावणार नाहीत’ केलं होतं. सेक्रेटरींचं वय आणि गुडघे बघता तेही खोटं नव्हतं.

आठव्या टप्प्यासाठी आजीला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, ‘टँकर किती वाजता येणार?’

इंग्रजी कागद उलटा करून पाहिला. वेळ त्यातही नव्हती. सेक्रेटरींना फोन केला, त्यांनी सकाळी सात आणि दुपारी चार सांगितलं, आणि ते मी मराठी नोटिशीत पाचव्या वाक्यानंतर घातलं.